वर कोण हाय का?

नागाला न भिणाऱ्या गावात मला एकच भित्रा माणूस भेटला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला.

मी म्हसवडची. पोस्टात क्लार्क म्हणून लागले आणि पहिलीच नेमणूक शिराळ्याला झाली. आईनं सिद्धनाथाला नारळ फोडला आणि वर मला बजावलं, "तिथं म्हणं घराघरात नाग निघतात. खाली बघून चालत जा गं बाई." मी मुळातच भित्री. पालीला भिते, वाऱ्यानं वाजणाऱ्या पत्र्याला भिते, आमच्या पोस्टमास्तरांच्या खोकण्याला भिते. त्यामुळं पहिला महिनाभर मी शिराळ्यात मान खाली घालूनच फिरले. आणि घरमालक बघावं तेव्हा वर बघत असायचे.

गावात त्यांना सगळे 'ऑपरेटर' म्हणायचे. सबस्टेशनात आयुष्य काढलेलं. म्हणजे ज्यानं खटका पाडला की चार गावांची लाईट जायची आणि परत लावला की यायची, तो हा माणूस. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी कराडला दिलेली. खाली ते एकटे, वर पत्र्याच्या खोलीत मी. मी त्यांना काका म्हणायचे.

पहिल्याच संध्याकाळी मी खोलीत शिरले, भिंत चाचपली आणि लाईटच्या बटणावर बोट ठेवलं, तोच खालून आवाज आला.

"थांब! हात काढ! हात काढ म्हनतो न्हवं!"

मी हात काढला. खरं सांगायचं तर जीवच काढून बाहेर ठेवला. काका दोन-दोन पायऱ्या चढत वर आले, दारात उभे राहिले, छताकडं तोंड करून तीनदा ओरडले, "वर कोण हाय का? वर कोण हाय का? आवं, वर कोण हाय का?" मग कान देऊन थांबले. मग मला म्हणाले, "हां. आता दाब."

"काका, वर कोण असणार? वर पत्रा आहे."

"इचारायला काय जातंय?" म्हणाले आणि खाली गेले.

मला वाटलं, आपण वेड्याच्या घरात राहायला आलो. त्या रात्री मी दाराला आतून ट्रंक लावून झोपले.

पुढं सवय झाली. पंखा लावायचा, वर कोण हाय का. मिक्सर लावायचा, वर कोण हाय का. मोबाईल चार्जिंगला लावतानासुद्धा हा गजर. शेजारच्या काकूंना त्यावरून वेळ कळायची. "ऑपरेटरचा गिझर लागला, म्हणजे सहा वाजले," असं म्हणून त्या चहा ठेवायच्या. गावातली पोरंटोरं रस्त्यात त्यांच्या मागून ओरडायची, "ऑपरेटर, वर कोण हाय का?" ते रागवायचे नाहीत. नुसते थांबून वर बघून घ्यायचे.

एका वर्षी गणपतीत मंडळाच्या रोषणाईचं उद्घाटन होतं. पाहुण्यांचं बोट बटणावर, फोटोवाला तयार, आणि गर्दीतून काकांचा आवाज, "वर कोण हाय का?" सगळा चौक खो खो हसला. पाहुणेही हसले. आणि कमानीच्या बांबूवरून एक बारीक आवाज आला, "मी हाय की ओ! माळ सुटलीया!" हसणं जागच्या जागी थांबलं. बल्बची माळ उघड्या वायरीसकट हातात धरून मंडळाचाच एक गडी वर बसला होता. पाहुण्यांनी बटणावरून बोट असं काढलं की जणू तिथं निखारा होता. त्या दिवसापासून मंडळ दरवर्षी काकांना नारळ देऊन बोलावतं. काका जातात, ओरडतात, नारळ घेऊन घरी येतात.

दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ असायचं. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की दोन्ही ठोक्याला जुळवायचे. मी एकदा विचारलं, "दोन कशाला?" तर म्हणाले, "एक चुकलं तर?" "आणि दोन्ही चुकली तर?" यावर ते इतके पांढरे पडले की मीच म्हटलं, "नाही चुकणार हो काका, मी आपलं गमतीनं बोलले."

आणि हाच माणूस सापाला भ्यायचा नाही. माझ्या मोरीत एकदा धामण निघाली. मी किंचाळत जिन्यात येऊन उभी. काका शांतपणे आत गेले, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "धामण हाय. बिनविषारी. दार उघडं ठेव, जाईल आपली आपण." मी बाहेरचा दिवा लावायला हात पुढं केला, तर हेच काका असे किंचाळले की ती बिचारी धामणच घाबरून निघून गेली.

"काका, सापाला भीत नाही आणि बटणाला भिता?"

"साप दिसतो तरी. करंट दिसतो का?"



आता रविवारची गोष्ट सांगते, कारण खरा ऑपरेटर रविवारी चार वाजताच कळायचा.

पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर शनिवारी संध्याकाळी एक जुनी इंग्रजी विनोदी मालिका लागायची. तिचं इंग्रजी नाव गावात कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे तिला 'छत्रीवाले' म्हणायचे. दोन भाऊ, त्यांचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान, आणि मजा अशी की छत्रीवाल्यांचंच घर गळायचं. त्यातल्या एका भागावर आमच्या व्हरांड्यात दर रविवारी चर्चा बसायची. एकाच भागावर. वर्षानुवर्षं. चार माणसं: काका, हुसेनचाचा, बाई आणि मागनं आलेली मी.

बाई म्हणजे शिराळ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या पाटीलबाई. मूळच्या सांगलीकडच्या जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असे, म्हणून बैठक साडेपाचला मोडायची. इंग्रजी विनोद गावाला समजावून द्यायचं काम त्यांच्याकडं. हुसेनचाचा निवृत्त लाईनमन. उंच, काटकुळे, पंजे मात्र फावड्याएवढे. आणि गंमत म्हणजे हा भाग चाचांनी बघितलेलाच नव्हता. भाग लागला तेव्हा ते ड्युटीवर होते. काकांनी तो त्यांना इतक्या वेळा सांगितला होता की चाचांना भावांचे सदरे कुठल्या रंगाचे तेही पाठ झालं होतं. टीव्ही काळा-पांढरा होता हा मुद्दा मी एकदाच काढला. पुन्हा काढला नाही.

भाग असा. गावचा मेयर दुकानाच्या माडीवर जेवायला येतो. बाहेर धो धो पाऊस. नेमकं मेयरच्या डोक्यावरचं छत गळायला लागतं. मग मोठा भाऊ माळ्यावर चढतो आणि तुळईवर उभा राहून छत्री उलटी धरतो, पाणी छत्रीत झेलतो. खाली धाकटा मेयरला सूप वाढतोय, गप्पा मारतोय, काही झालं तरी मेयरनं वर बघता कामा नये. वर छत्री भरत चाललीय, मोठ्याचे हात थरथरतायत, खाली मेयर सूप मागून घेतोय. शेवटी एक थेंब. टप्पकन सुपात. मेयर चमचा ठेवतो. हळूहळू मान वर करतो.

आणि शिराळ्याची लाईट गेली.

लाईट आली तोवर बातम्या लागल्या होत्या. पुढं काय झालं ते गावात कुणालाच ठाऊक नाही. आणि त्यावर पस्तीस वर्षं वाद.

बाई म्हणायच्या, "मोठा भाऊ पडतो. पडलाच पाहिजे. सगळ्या मालिकेत तोच ताठ्यात फिरतो ना? इंग्रज असल्या माणसाला पाडल्याशिवाय सोडत नाहीत."

चाचा मान हलवायचे. "न्हाई बाई. वरचा मानूस असा पडत न्हाई. खालच्यास्नी वाटतं, त्याला काय दिसत न्हाई. वरच्याला खालचं समदं दिसतंय. तो बरोबर बघून करतोय."

"अहो, पण छत्री भरली ना!"

"भरंना का. त्याला ठाव हाय कवा सोडायची."

मग दोघं काकांकडं बघायचे. काका दोन्ही घड्याळं बघायचे आणि दर रविवारी तेच म्हणायचे, "लाईट गेली. तिथं भाग संपला."

मी नवीन होते, शहाणपणा अंगात होता. एका रविवारी म्हटलं, "काका, आता इंटरनेटवर सगळं मिळतं. हा भाग शोधून देऊ का? दोन मिनिटांचं काम."

बाई कडाडल्या, "खबरदार! मग रविवारी करायचं काय आम्ही?" चाचा हातातली बशी खाली ठेवून काकांकडं बघत राहिले. आणि काकांचा चहा सदऱ्यावर सांडला. सगळा.  आपण काहीतरी भलतंच बोललो एवढं कळलं, काय ते कळेना.

दोघं गेल्यावर काका जिना चढून वर आले. पायात चपला नव्हत्या. उंबऱ्यावर बसले.

"पोरी, तेवढं शोधू नगं."

"नाही शोधत काका. पण एवढं काय आहे त्यात?"

ते खाली बघून बोलायला लागले. खाली बघताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

"त्या दिशी हुसेन खांबावर हुता. एका वाडीची लाईन सकाळपासनं गेलेली. गावच्या लाईनीवरनं वाडीला जानारा खांबावरचा जोड जळला हुता, त्यो बांधायचा तर गावची लाईट बंद करावी लागायची. वाडीत लगीन, आंधार पडायच्या आत करा म्हनून समदे मागं लागलेले. तवा मोबाईल कुठलं? फोन एक सबस्टेशनात, आनी खांब तिथनं दीड मैलावर. मग आमी काय करायचो, घड्याळं जुळवायचो. मी सहा पस्तीसला लाईन बंद करायची, त्यानं सहा पस्तीसला चढायचं. नियमात न्हवतं ते. पर समदे करायचे."

"मग?"

"सबस्टेशनात मी बारका टीव्ही ठेवला हुता. छत्रीवाले लागलेले. सहा पस्तीस झालं. छत्री भरत आलेली. म्हटलं, दोन मिन्टं. हुसेनला चढायलाच दोन मिन्टं लागत्यात. मग म्हटलं, आनी एक. मी हसत हुतो पोरी. पोट धरून हसत हुतो. आनी त्या मेयरनं वर बघितलं, तसा मला हुसेन दिसला. वर. खांबावर."

बोलताना ते एकेका मनगटावरचं घड्याळ फिरवत होते.

"खटका पाडला आनी ड्युटी टाकून पळालो. टीव्ही तसाच चालू. सायकल अशी हानली. वाटंत दुसरं काय न्हाई, नुसता वास घेत हुतो."

"कसला वास?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मला कळलं कसला, आणि मी विचारलं याची मला लाज वाटली.

"पर हुता. वर हुता. जोड बांधत हुता. म्हनला, काय रं ऑपरेटर, हिकडं कुठं? मी म्हटलं, असंच."

"म्हणजे वाचले ना काका. काही झालं नाही."

"मी न्हाई वाचवलं. मी तीन मिन्टं मारलाच हुता त्याला. त्यो कसा वाचला मला ठाव न्हाई." मग आवाज अगदी खाली आला. "भाग सहा दहाला लागायचा. लाईट गेली तवा अठ्ठावीस मिन्टं झालती. सहा पस्तीस हा आकडा गावात दोघांनाच ठाव. मला आनी त्याला. भाग बघितला की हिशेब तिसरीतलं पोरगं करंल. कळंल त्याला. पस्तीस वर्सं माझ्या घरात चहा पितोय, पोरी. कळंल त्याला."

त्या दिवसानंतर मला रविवार नकोसा झाला. चाचा फाटकातून आत यायचे, ते मोठमोठे पंजे पसरून "काय पोस्टवाल्या ताई, बरं हाय न्हवं?" म्हणायचे आणि माझी नजर त्यांच्या हातांवरून हलायची नाही. काकांनी पुन्हा भाग सांगायला घेतला की मला ऐकवत नसे. इतके दिवस मला वाटायचं हा माणूस रंगवून रंगवून गोष्ट सांगतोय. तो जबानी देत होता आणि नेमका शेवटच्या वाक्यापाशी येऊन थांबत होता. आणि आता ते ओझं माझ्याही डोक्यावर बसलं होतं. तोंडातून एखादा शब्द निसटला तर? झोपेत बडबडले तर? भित्र्या माणसाला गुपित कधी सांगू नये.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा एका रविवारी काठी टेकत आले. डोळे तपासायला सांगलीला गेले होते. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेनं मिटत येतेय. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून पेन ड्राईव्ह काढला आणि चौरंगावर ठेवला.

"लेकीनं शोधून भरून दिलाय. छत्रीवाले. आपलाच भाग."

बाई म्हणाल्या, "हुसेनभाई, आपलं काय ठरलं होतं?"

"आवं बाई, ते डोळं असनाऱ्यांनी ठरवलेलं. मला येत्या नागपंचमीपतुर दिसंल का न्हाई, डाक्टर सांगत न्हाई. एकदा बघू द्या. तुमी समद्यांनी बघितलाय. मीच तेवढा वर हुतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. काका म्हणाले, "फुडच्या रविवारी बघू." 

तो आठवडा मी विसरणार नाही. काका जेवत नव्हते. सोमवारी म्हणाले, "तूच सांग त्याला आधी." मी म्हटलं, "मी कशी सांगू काका?" मंगळवारी म्हणाले, "नगं सांगू. बिलकूल नगं." बुधवारी खालून काही आवाज नाही म्हणून मी घाबरून डोकावले, तर अंगणात खुर्ची टाकून समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत बसलेले. शुक्रवारी मला म्हणाले, "पोरी, शिवी दिली तर बरं हाय. मारलं तर आनी बरं. पर त्यो उठून गेला आनी पुन्हा आलाच न्हाई, तर रविवारी चार वाजता मी काय करू?" मला रडू आलं. मी म्हटलं, "ते तसे नाहीत." पण ते कसे आहेत हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

रविवार उजाडला. चार वाजता सगळे आत बसले. मी पेन ड्राईव्ह लावला, बटण दाबलं. टीव्ही ढिम्म.

"लाईट न्हाई वाटतं," काका घाईनं म्हणाले. "ऱ्हाऊ द्या मग. फुडच्या रविवारी."

"शेजारी पंखा फिरतोय की," चाचा म्हणाले. उठले, भिंत चाचपत बोर्डापाशी गेले. नजर अधू, पण ते पंजे असे चालले की बघत राहावं. झाकण उघडलं, बोटं फिरवली. "फ्यूज काढलाय कुनी रं?"

"जळला असंल."

"जळलेला फ्यूज खिशात ठेवत्यात व्हय?"

काकांच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. सगळ्यांना दिसत होता, कमी दिसणाऱ्या चाचांनासुद्धा. काकांनी मुकाट्यानं फ्यूज काढून दिला. चाचांनी बसवला आणि टीव्ही लागला. त्या दिवशी पहिल्यांदाच काका ओरडायचे विसरले.

भाग सुरू झाला. चाचा पडद्यापासून हातभर अंतरावर बसले, मान एका बाजूला कलती करून. बाई मधे. काका मागं दाराशी, एका हातानं दुसऱ्या हाताचं घड्याळ दाबून धरलेलं. रिमोट माझ्याकडं. चाचा लहान मुलासारखे हसत होते. "आरं, सदरा निळाच हाय की! ऑपरेटर, तू निळाच सांगितलावतास!" काकांनी तो कुठं कसा बघितला होता देव जाणे. काका हसले नाहीत.

मेयर आला. सूप आलं. मोठा वर चढला. मला पडदा दिसत नव्हता, मला मागच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. एका विनोदावर बाई म्हणाल्या, "अगं, हे जरा मागं घे, काय सुंदर वाक्य आहे!" मी बटण दाबलं आणि पडद्याच्या खालच्या कडेला आकडे उगवले.

"किती झालं?" चाचांनी विचारलं.

मी वाचलं. "सव्वीस मिनिटं."

"आनी भाग केवढा?"

"तीस."

चाचांनी मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडं वळले. मागं काकांच्या घड्याळाचा पट्टा तटकन तुटला. कुणी वळून बघितलं नाही.

सत्तावीस. छत्री काठोकाठ. थेंब. टप्पकन. मेयरनं चमचा ठेवला. मान वर करायला लागला. मी डोळे मिटून घेतले, खरंच मिटून घेतले. मग मेयर काहीतरी बोलला आणि बाईंनी सवयीनं मराठी केलं, "सूप आज जरा पातळ आहे, म्हणतोय."

मी डोळे उघडले. वर मोठ्या भावाला शिंक आली, छत्री कलंडली, सगळं पाणी धाकट्याच्या डोक्यावर पडलं, प्रेक्षक हसले. झालं. वीस सेकंद. आणि मग संगीत वाजायला लागलं आणि खालून वर नावं सरकायला लागली. रंगभूषा, वेशभूषा, प्रकाश, कुणाकुणाचे आभार. नावंच नावं. संपेचनात.

"इतकंच?" बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी..."

मागून आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं काका हसतायत.

"नावं," ते म्हणाले. "नुसती नावं? ह्यासाठी? हुसेन, ह्या नावांसाठी रं?" ते भिंतीला धरून खाली बसले. "तीन मिन्टं चालू हुती लाईन. सहा पस्तीसला पाडायची हुती. मी बघत बसलो. हसत बसलो. तू वर हुतास, आनी मी हसत हुतो."

संगीत चालूच होतं. बाईंना काही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. मी चाचांच्या हातांकडं बघत होते. ते गुडघ्यांवर होते, हलले नाहीत.

"ठाव हाय की," चाचा म्हणाले.

बाई वळून त्यांच्याकडं बघायला लागल्या.

"आरं, मी वर हुतो. दिवेलागनीची येळ. वरनं समदं गाव दिसतंय. घराघरात दिवे जळत हुते. ते दिवे त्याच लाईनवरचे न्हवं? दिवे चालू म्हंजी लाईन चालू. मी कशाला हात लावतो? बसलो खांबाच्या आडव्या दांड्याला पट्टा अडकवून. विडी पेटवली. म्हटलं, ऑपरेटर कुठं अडकला बघू. विडी सरायच्या आत दिवे गेले. मग कामाला लागलो."

काकांनी तोंड वर केलं. पस्तीस वर्षं वर बघणाऱ्या माणसाला वरून काय दिसतं हे एकदाही सुचलं नव्हतं. खटका पाडणारा माणूस, खांबावर कशाला चढेल?

"मग बोलला का न्हाईस?"

"तू सायकल हानत आलास. तोंड बघितलं तुजं. मेलेला मानूस बरा दिसतो. म्हटलं, आता ह्याला काय बोलायचं? सांगंल त्यो. मग तू भाग सांगाय लागलास. म्हटलं, आज सांगंल. ह्या रविवारी न्हाई, फुडच्या रविवारी सांगंल." चाचा थांबले. "राग हुता. खोटं कशाला बोलू? लय हुता. रिटायर हुईपतुर तुजी ड्युटी असली की मी चढायच्या आधी गावाचे दिवे बघायचो. दिवसा दिवे नसायचे, तवा लय भ्या वाटायचं रं. कलमा म्हनून चढायचो."

काका रडत होते, आवाज न करता. मला वाटलं आता चाचा उठतील. उठलेच. काठी घेतली, चष्मा खिशात घातला.  शुक्रवारी काका काय म्हणाले होते ते माझ्या कानात वाजत होतं. पण चाचा दाराकडं गेले नाहीत. चाचपत काकांपाशी गेले आणि त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून, जमिनीवर बसले. त्यांना बसायला बराच वेळ लागला.

"त्या टीव्हीचं तोंड बंद करा कुनी तरी," चाचा म्हणाले. "नावं सरंनात त्याची."

मी रिमोट शोधायला लागले. तोवर काका उठले. डोळे सदऱ्याला पुसत भिंतीवरच्या बटणापाशी गेले. बोट बटणावर ठेवलं आणि थांबले. बंद करताना ते कधी विचारत नसत. त्यांनी हळूहळू मान वर केली, आणि विचारलं,

"वर कोण हाय का?"

"न्हाई गड्या," खालून चाचा म्हणाले. "मी खाली हाय. दाब तू."